आजच दात की सहा महिन्यांनी? इम्प्लांटनंतरच्या थांबण्याची पार्श्वभूमी

इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, करायचे ठरले की आधी दुखण्याची चौकशी होते, मग खर्चाची. दात नेमका कधी लागणार हा प्रश्न बऱ्याचदा स्क्रू हाडात बसल्यावर पडतो. एक डॉक्टर म्हणतात आजच देतो, दुसरे म्हणतात तीन महिन्यांनी या, तिसरे म्हणतात वरची दाढ आहे, सहा महिने धरा. तिन्ही उत्तरांना आधार आहे. तो कसा तयार झाला हे समजले, तर आपल्याला मिळालेले उत्तर कशावरून आले हे डॉक्टरांना नेमकेपणाने विचारता येते.

फार जुना इतिहास थोडक्यात पुरे. होंडुरासमध्ये १९३१ साली माया काळातला एक जबडा सापडला. त्यात खालच्या दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले होते, आणि पुढे १९७० च्या सुमारास काढलेल्या एक्स-रेत त्यांच्याभोवती हाड वाढलेले दिसले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्लॅटिनमच्या तारेचे पिंजरे झाले, कोबाल्ट-क्रोमचे स्क्रू झाले, हिरडीखाली हाडावर टेकवायच्या धातूच्या चौकटी झाल्या. काही टिकले, बरेच निघाले.

आजच्या वादाचे मूळ १९६० च्या दशकात आहे. तेव्हा पात्यासारखे चपटे ब्लेड इम्प्लांट जोरात होते. जबड्याच्या हाडात खाच पाडायची, पाते ठोकून बसवायचे आणि लवकरात लवकर वर दात द्यायचा, अशी पद्धत. लगेच भार पडल्याने धातू आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक मऊ थर तयार व्हायचा. या पद्धतीचे समर्थक त्या थराला चांगले लक्षण मानत. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती जसे धक्का शोषणारे अस्तर असते, तसेच हे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये अगदी उलट विचार चालला होता. १९५२ मध्ये लुंड येथे हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशांच्या पायात टायटॅनियमचे छोटे कक्ष बसवले होते. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेनात, हाड धातूला घट्ट धरून बसले होते. त्यावर आणखी काम झाले आणि १९६५ मध्ये गोथेनबर्गमध्ये पहिल्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू गेले. ते चाळीसहून अधिक वर्षे, त्याच्या मृत्यूपर्यंत टिकले. मात्र सुरुवातीच्या वर्षांतल्या सगळ्या रुग्णांची गोष्ट अशी नव्हती, तेव्हा अपयश बरेच होते. त्यातून एक कडक शिस्त आली. स्क्रू बसवायचा, हिरडी शिवून तो पूर्ण झाकायचा, खालच्या जबड्यात तीन-चार महिने आणि वरच्या जबड्यात पाच-सहा महिने त्याला हात लावायचा नाही. मग हिरडी पुन्हा उघडून वरचा भाग जोडायचा.

हे आकडे कुठून आले? काटेकोर तुलना करून ते ठरलेले नव्हते. एका गटाला दोन महिने, दुसऱ्याला चार महिने थांबवून पाहिले आणि चार सरस ठरले, असे काही झाले नव्हते. सुरुवातीचे बरेच रुग्ण सगळे दात गेलेले, झिजलेल्या जबड्यांचे होते. स्क्रूचा पृष्ठभाग लेथवरून उतरलेला, गुळगुळीत होता. ब्लेडचा अनुभव समोर होता. या सगळ्यात सुरक्षित वाटले ते अंतर ठरले आणि ते चालले, म्हणून नियम झाले. टीकाकार पुढे हाच मुद्दा धरून म्हणाले की थांबणे ही निव्वळ सवय आहे. मला हे म्हणणे अर्धेच पटते. आकडा अनुभवाचा असला तरी त्यामागचे कारण पक्के होते. हाड भरून येण्याच्या काळात स्क्रू १५० मायक्रॉनपेक्षा (०.१५ मिलिमीटर) जास्त हलत राहिला तर हाडाऐवजी तंतू वाढतात, हे पुढच्या प्रयोगांतूनही दिसले.

या दोन विचारांमधले अंतर यशाच्या कसोट्यांत स्वच्छ दिसते. १९७८ मध्ये अमेरिकेत तज्ज्ञांची बैठक झाली. तिच्या कसोटीनुसार इम्प्लांट एक मिलिमीटरपर्यंत हलला तरी चालत होते, भोवतीचे एक तृतीयांश हाड गेले तरी चालत होते, आणि पाच वर्षांनी शंभरातले पंचाहत्तर कामाचे राहिले की पुरे होते. १९८२ मध्ये टोरांटोच्या परिषदेत स्वीडिश आकडेवारी उत्तर अमेरिकेसमोर आली आणि चित्र पालटले. १९८६ च्या कसोटीत हलणे अजिबात मान्य नाही, पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज दरवर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी हवी, आणि पाच वर्षांनी किमान ८५ टक्के, दहा वर्षांनी किमान ८० टक्के यश हवे. आठ वर्षांत मापदंड इतका वर गेला. एवढे पदरात टाकणारी पद्धत थांबण्यावर उभी होती, हे विसरून चालणार नाही.

पुढे थांबण्याचा काळ खरोखर कमी झाला. स्वित्झर्लंडमधल्या गटाने १९७० च्या दशकातच स्क्रूचे तोंड हिरडीबाहेर ठेवून दुसरी शस्त्रक्रिया टाळली होती, भार मात्र तेही उशिराच देत. १९९० च्या दशकाच्या शेवटी वाळूचा मारा करून आम्लाने खरवडलेले खडबडीत पृष्ठभाग आले. त्यांना हाड लवकर धरते, त्यामुळे चांगल्या हाडात सहा ते आठ आठवडे पुरे होऊ लागले. आज दोन महिन्यांनंतर दिलेल्या भारालाच 'नेहमीचा' म्हणतात, एक आठवडा ते दोन महिने म्हणजे 'लवकर', आणि आठवड्याच्या आत दिला तर 'इमिजिएट'.

या 'इमिजिएट'ने मोठा घोळ घातला आहे. दात काढला त्याच दिवशी त्या खड्ड्यात स्क्रू बसवणे, हा एक अर्थ. स्क्रू बसवला त्याच दिवशी वर दात देणे, हा दुसरा. पहिले केले म्हणून दुसरे होतेच असे नाही. दात काढल्यावर लगेच इम्प्लांट टाकला तर आजूबाजूचे हाड झिजणार नाही, अशी एके काळी आशा होती. २००० नंतरच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी ती फोल ठरवली, ओठाकडची पातळ भिंत तरीही खचते. 'एका दिवसात दात' या शब्दांतही एक गोष्ट न सांगता राहते. त्या दिवशी मिळतो तो बहुधा तात्पुरता, ॲक्रिलिकचा दात. समोरचा एकटा दात असेल तर तो चावताना विरुद्ध जबड्यातल्या दाताला लागणार नाही असा मुद्दाम घासतात. दिसायला दात, चावायला नाही. संपूर्ण जबड्यात चार-सहा स्क्रू एकाच पट्टीने बांधले जातात तेव्हा ते एकमेकांना आधार देतात, तिथे लगेच भार देण्याचे निकाल चांगले आहेत. चाचण्यांचे एकत्रित आढावेही नीट निवडलेल्या रुग्णांत फार मोठा फरक दाखवत नाहीत. पण 'नीट निवडलेल्या' यावर भर द्यायला हवा. भरपूर सिगारेट ओढणारे, झोपेत दात खाणारे, मऊ हाडाचे रुग्ण अशा चाचण्यांतून अनेकदा आधीच वगळलेले असतात.

प्रत्यक्ष खुर्चीत हा निर्णय कसा होतो? भूल दिलेली असते, त्यामुळे दुखत नाही, कंप आणि दाब मात्र जाणवतो. ड्रिल सावकाश फिरते आणि त्यावर सलाइनची धार सतत असते. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर राहिले तरी ते भरून येण्यावर परिणाम होतो, हे १९८३ च्या सशांवरील प्रयोगांनी दाखवले होते. स्क्रू आत जाताना डॉक्टर टॉर्कचा, म्हणजे स्क्रू आवळायला लागणाऱ्या पिळाच्या जोराचा आकडा बघतात. ३५ न्यूटन-सेंटीमीटरच्या आसपास पकड मिळाली तर लगेच दाताचा विचार होतो, वरच्या दाढेच्या भुसभुशीत हाडात ती पुष्कळदा मिळत नाही. म्हणजे 'आजच दात' हे आधी ठरवता येते, पण पक्के होते ते स्क्रू बसल्यावरच. ऐनवेळी डॉक्टरांनी दात द्यायचे टाळले तर त्यात फसवणूक नाही.

सूज दोन-तीन दिवस चढते आणि उतरते, टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. खरा नाजूक काळ त्यानंतरचा आहे. स्क्रूची पहिली पकड निव्वळ आवळल्याची असते. भोवतीचे जुने हाड विरघळून नवे तयार होत असताना ती सैलावते, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास इम्प्लांट सर्वात कमकुवत असतो. नेमके तेव्हाच दुखणे पूर्ण थांबलेले असते आणि माणूस त्या बाजूने चावायला लागतो. आतून काही कळतही नाही, कारण दाताच्या मुळाभोवतीचे ते अस्तर इथे नसते. म्हणून त्या आठवड्यांत मऊ खाणे आणि दुसऱ्या बाजूने चावणे हे डॉक्टरांनी सांगितले असेल तितके दिवस पाळायचे. तात्पुरता दात हलला किंवा उंच लागू लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचे. कायमची कॅप बसवण्याआधी कंपनावरून स्थिरता मोजण्याची सोय आता अनेक ठिकाणी असते. शंभरपैकी सत्तरच्या आसपास आकडा आला तर काम पुढे जाते, कमी आला तर आणखी काही आठवडे थांबून पुन्हा मोजतात.