अमेरिकेला निघालात? मग दुकानांचं हे आधी वाचून घ्या

आमच्याकडून अमेरिकेचं बुकिंग करणारे साधारण दोन प्रकारचे असतात, एक ग्रुप टूरवाले आणि दुसरे मुलगा किंवा मुलगी तिकडे आहे म्हणून मुक्कामाला जाणारे आईबाबा, आणि दोघांचाही ऑफिसात आल्यावर ठरलेला प्रश्न असतो, "शॉपिंगला वेळ ठेवलाय ना?" ठेवलाय हो. फक्त तो सगळा वेळ आउटलेट मॉलमध्ये घालवू नका एवढंच आमचं म्हणणं आहे. तिथल्या ब्रँडपैकी बरेचसे आता पुण्या-मुंबईच्या मॉलमध्येही मिळतात, सेल लागला की भावातही फार फरक राहत नाही. उलट अमेरिकेत अशी काही दुकानं आहेत की ती बघणं हेच साइटसीइंग, काही घेतलं नाही तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. खाली दिलीत ती सगळ्या अमेरिकेची यादी नाहीये, आमच्या टूरच्या रस्त्यात किंवा थोडी वाट वाकडी करून पडतात आणि आम्हाला आवडतात तेवढीच.

न्यूयॉर्कपासून सुरू करू, कारण बहुतेक सगळे तिथेच उतरता. चौतिसाव्या रस्त्यावरचं मेसीज हे भलंमोठं डिपार्टमेंट स्टोअर सगळ्यांना माहीत असतं, १९०२ पासून त्याच जागेवर आहे, आत गेलात तर जुने लाकडी सरकते जिने शोधा, त्यातले काही अजून चालतात आणि खडखड आवाज करत वर नेतात. परदेशी पाहुण्यांसाठी काही सवलत आहे का हे काउंटरवर विचारून घ्या, विचारायला पैसे पडत नाहीत. पण आमच्या मते न्यूयॉर्कमधलं आपल्या लोकांनी चुकवू नये असं दुकान म्हणजे लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरचं कलुस्त्यान्स. मसाल्याचं दुकान आहे, १९४४ मध्ये एका आर्मेनियन माणसाने काढलेलं, आणि तिथे हिंग-हळदीपासून ते आपण नावही न ऐकलेल्या मिरच्यांपर्यंत, तुर्की सुमाकपासून इराणी सुक्या लिंबांपर्यंत सगळं एका छताखाली. काकू म्हणतात, अमेरिकेत जाऊन मसाले कशाला बघायचे? तर एकतर मेक्सिकोच्या वाळवलेल्या मिरच्यांचे प्रकार बघा, आपल्या ब्याडगी-लवंगीच्या पलीकडे केवढं जग आहे ते कळतं. आणि दुसरं म्हणजे याच इमारतीत २० सप्टेंबर १८८१ च्या पहाटे चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली होती, आधीचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड गोळी लागून बरेच दिवस अंथरुणाला खिळून शेवटी गेले तेव्हा आर्थर इथे राहत होते. तशी पाटी आहे बाहेर. राष्ट्राध्यक्षाचं घर होतं तिथे आज मसूर डाळ मिळते, असं न्यूयॉर्कमध्येच होऊ शकतं. आजूबाजूला इडली-डोसा पण मिळतो, त्यामुळे जेवणाच्या वेळेला जा.

तिथून ब्रॉडवे आणि बारावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरचं स्ट्रँड फार लांब नाही. पुस्तकांचं दुकान, १९२७ पासूनचं. त्यांच्याकडे अठरा मैल पुस्तकं आहेत असं ते स्वतःच मिरवतात, म्हणजे कपाटं एकापुढे एक लावली तर साधारण २९ किलोमीटर. बाहेर फुटपाथवर गाड्यांवर स्वस्तातली जुनी पुस्तकं लावलेली असतात, तिथूनच नातवंडांसाठी चार घेऊन टाका. वजनाकडे मात्र लक्ष, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

न्यूयॉर्क–फिलाडेल्फिया–वॉशिंग्टन असा ज्यांचा रूट आहे त्यांनी हे नीट वाचा. मध्ये डेलावेअर नावाचं छोटंसं राज्य लागतं आणि तिथे सेल्स टॅक्स नाही, अजिबात नाही. हायवेला लागूनच ख्रिस्टियाना मॉल आहे, त्यात ॲपलचं दुकान आहे, आणि फोन, आयपॅड, लॅपटॉप घ्यायचाच असेल तर न्यूयॉर्कमध्ये घेऊ नका, तिथे जवळपास नऊ टक्के टॅक्स वर लागतो, इथे घ्या. दुकान म्हणून त्यात बघण्यासारखं काही नाही हे खरंय, पण वाचलेल्या पैशात दोन वेळचं जेवण सुटतं. एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवतो, कारण परत आल्यावर आमच्याच नावाने खडे फोडले जातात: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये १४ नंबरच्या मॉडेलपासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपल्याकडे ई-सिम चालतं, पण बाबांना दर दोन महिन्यांनी सिम काढून दुसऱ्या फोनात घालायची सवय असेल तर विचार करा.

बोस्टनला मुलं असतील त्यांनी उत्तरेला मेन राज्यात फ्रीपोर्टला जाऊन या, दोन-सव्वादोन तासांचा रस्ता आहे. तिथे एल. एल. बीनचं मुख्य दुकान, बाहेर दोन माणसांपेक्षा उंच बूट उभा केलाय, फोटो काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. १९१२ मध्ये या बीनसाहेबांनी चिखलात चालायला खाली रबर आणि वर चामडं असा बूट काढला, पहिले शंभर जोड विकले आणि त्यातले नव्वद उसवून परत आले. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, शिलाई सुधारली आणि परत विकायला लागले. हा बूट अजून मिळतो. आणि दुकान १९५१ पासून रात्रंदिवस उघडं, कारण शिकारी आणि मासे पकडणारे लोक पहाटे तीनला निघायचे आणि वाटेत सामान घ्यायला दार ठोठावायचे. जेटलॅगमुळे रात्री दोनला टक्क जागे असणाऱ्यांसाठी याच्यापेक्षा चांगली जागा आम्हाला माहीत नाही. पूर्वी ते कितीही वर्षांनी माल परत घ्यायचे, लोकांनी त्याचा फारच गैरफायदा घेतला म्हणून २०१८ पासून एक वर्षाची मुदत केलीय.

व्हरमाँटला पानांचे रंग बघायला जाणारे वेस्टन गावात व्हरमाँट कंट्री स्टोअरला थांबतात, १९४६ चं दुकान, जुन्या पद्धतीच्या गोळ्या-चॉकलेटं आणि मेपल सिरप. सिरप घ्या पण चेक-इन बॅगेत टाका. सिरप, जॅम, पीनट बटर हे सगळं विमानतळावर द्रव पदार्थात धरतात, १०० मिलीच्या वरची बाटली हातातल्या बॅगेत सापडली की समोरच डब्यात टाकायला लावतात.

आता पश्चिमेकडे. सिॲटलचं पाइक प्लेस मार्केट आपल्या माणसाला लगेच कळतं कारण ते सुरू झालं कांद्यावरून! १९०६-०७ मध्ये तिथे भाज्यांचे भाव भडकले, कांदा तर दहापट झाला, शेतकऱ्याला काही मिळेना आणि गिऱ्हाइकाला परवडेना, मधले दलाल गब्बर. हे ऐकल्यावर नाशिककडचे आमचे एक ग्राहक म्हणाले, "म्हणजे तिकडेही लासलगावच!" तर शेवटी नगरपालिकेने ठरवलं की शेतकऱ्यांनी थेट गाड्या लावून विकावं, आणि १७ ऑगस्ट १९०७ ला बाजार भरला, पहिल्या दिवशी मोजक्याच गाड्या आल्या आणि बघता बघता माल संपला. पुढे १९७१ मध्ये हा बाजार पाडून तिथे मोठ्या इमारती बांधायचं घाटत होतं, शहरातल्या लोकांनी मतदान करून तो वाचवला. आजही फुलं, चेरी, मध, हाताने केलेल्या वस्तू तिथे करणाऱ्याकडूनच घेता येतात. मासेवाल्यांच्या गाळ्यावर अख्खा सामन मासा एकजण फेकतो आणि दुसरा झेलतो, त्यासाठी गर्दी असते, शाकाहारी मंडळीही व्हिडिओ काढत उभी असतात. समोर स्टारबक्सचं ते प्रसिद्ध जुनं दुकान आहे, बाहेर भलीमोठी रांग. आम्ही रांग लावू नका म्हणून सांगतो, एकतर १९७१ चं पहिलं दुकान या जागेत नव्हतंच, ते १९७६ मध्ये इथे हललं, आणि कॉफी तर सगळीकडे तीच. बाहेरून फोटो काढा आणि तोच वेळ खालच्या मजल्यांवर घालवा, ग्रुपमधले निम्मे लोक तिथे खाली मजले आहेत हे न कळताच परत येतात.

सिॲटलहून तीन तासांवर पोर्टलँड. तिथे पॉवेल्स नावाचं पुस्तकांचं दुकान अख्खा एक ब्लॉक व्यापून बसलंय, खोल्यांना रंगांची नावं, आत शिरताना नकाशा मागून घ्या नाहीतर चुकाल. गंमत म्हणजे नवी आणि जुनी पुस्तकं एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवतात, त्यामुळे तेच पुस्तक नवं महाग आणि जुनं निम्म्यात असं समोरासमोर दिसतं. आणि ओरेगनमध्येही सेल्स टॅक्स नाही. सॅन फ्रान्सिस्कोला सिटी लाइट्स आहे, १९५३ चं, आकाराने लहान, वर कवितांची खोली, ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी चायनाटाउन बघताना जाता जाता डोकावावं, बाकीच्यांनी नाही गेलं तरी चालेल.

ग्रँड कॅन्यनला जाताना मूळ अमेरिकन लोकांचे चांदी-फिरोजाचे दागिने आणि नवाहो जमातीचे गालिचे बघून सगळ्यांचाच हात पाकिटाकडे जातो, आणि नेमकं इथेच लोक फसतात. रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांत मशीनचा, बाहेरून आणलेला माल लटकवलेला असतो. अमेरिकेत १९९० चा कायदा आहे, मूळ अमेरिकन कारागिराने न केलेली वस्तू त्याने केली म्हणून विकली तर मोठा दंड आणि कैदसुद्धा होऊ शकते, म्हणून तुम्ही सरळ विचारा की कोणी केलं, कुठल्या जमातीचा कारागीर, आणि बिलावर तसं लिहून घ्या. खरा दुकानदार आनंदाने लिहितो, दुसरा विषय बदलतो. आमच्या रूटवर कॅन्यनच्या पूर्वेकडे कॅमेरॉन ट्रेडिंग पोस्ट लागतं, १९१६ चं, अँटेलोप कॅन्यनला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतातच. ज्यांची स्वतःची गाडी आहे आणि हाताशी एक दिवस आहे त्यांनी गनाडोचं हबल ट्रेडिंग पोस्ट गाठावं, १८७८ पासून चालू आहे, आता नॅशनल पार्कवाल्यांच्या ताब्यात, लाकडी फरशी करकरते आणि गालिच्यांच्या खोलीत घड्यांचे ढीग लागलेले असतात. हातमागावरचा चांगला गालिचा विणायला महिनोन्महिने जातात म्हणून किंमत ऐकून दचकू नका आणि घासाघीस करत बसू नका, बजेट कमी असेल तर छोटा तुकडा घ्या. सांता फेला गेलात तर १६१० च्या जुन्या राजवाड्याच्या ओसरीत कारागीर चादरी पसरून बसतात, तिथे बसायला परवानगी फक्त स्वतः किंवा घरच्यांनी केलेला माल विकणाऱ्यांनाच, त्यामुळे डोळे मिटून खरेदी करा.

माउंट रशमोर करणाऱ्यांना साउथ डकोटात शेकडो मैल आधीपासून वॉल ड्रगच्या पाट्या दिसायला लागतात. १९३१ मध्ये एका जोडप्याने या आडगावात औषधाचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक येईना, १९३६ च्या उन्हाळ्यात बाईंना सुचलं की तापलेल्या रस्त्याने येणाऱ्यांना बर्फाचं पाणी फुकट देऊ आणि तशा पाट्या लावू. झालं, आज ते दुकान म्हणजे जत्रा आहे. पाणी अजून फुकट, कॉफी पाच सेंट. विकायला आहे ते बहुतेक फुटकळ, तरी थांबा, मुलांना आवडतं. नॅशव्हिलला हॅच शो प्रिंटमध्ये १८७९ पासून लाकडी ठशांवर पोस्टर छापतात, गुंडाळून नळीत आणता येतं. आणि अलाबामात हंट्सव्हिलजवळ स्कॉट्सबोरोला अनक्लेम्ड बॅगेज आहे, विमानात हरवलेल्या आणि मालक न सापडलेल्या बॅगांमधलं सामान तिथे विकतात, १९७० पासून. तिथे एक चक्कर मारली की आपल्या बॅगेवर, आणि आतसुद्धा, नाव-फोन लिहायचा कंटाळा कायमचा जातो!

आईबाबा मंडळींनो, पोहे, गोडा मसाला, लोणची इथून ओझं करून नेऊ नका. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर १९७४ मध्ये सुरू झालेलं पटेल ब्रदर्स आता कितीतरी शहरांत आहे, आणि न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर साडीपासून भाकरीच्या पिठापर्यंत सगळं मिळतं.

आता पैशाचं आणि वजनाचं, हे कंटाळवाणं आहे पण वाचा. किमतीच्या चिठ्ठीवर टॅक्स धरलेला नसतो, बिल करताना लागतो, दर राज्याचा वेगळा. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात कपड्यांवर नाही, न्यूयॉर्क शहरात ११० डॉलरच्या आतल्या कपड्यांना आणि बुटांना नाही. युरोपसारखा विमानतळावर टॅक्स परत मिळण्याचा प्रकार देशभर नाही, त्यामुळे तो हिशोब धरू नका. वीज तिकडे ११०–१२० व्होल्टची, आपली २३०, म्हणून मिक्सर, हेअर ड्रायर, इस्त्री स्वस्त दिसली तरी घेऊ नका, इथे लावल्याबरोबर जळेल. मोबाईल-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात. पुरुषांच्या बुटाचा आपला आठ नंबर तिकडे नऊ होतो, बायकांचा साधारण दोनने वाढतो, घरच्यांची मापं पावलाच्या सेंटीमीटरमध्ये लिहून न्या. बिलं एका पाकिटात ठेवा, वस्तू परत करायला लागतातच आणि आपल्या कस्टमलाही दाखवायला बरी पडतात. ड्यूटी-फ्रीची मर्यादा बदलत असते, निघायच्या आठवड्यात कस्टमच्या साइटवर बघा. बॅगांचं वजन तिकिटावर छापलेलं असतं तेवढंच, विमानतळावर जास्तीचं भरण्यापेक्षा पुस्तकं आणि बूट मुलांकडे ठेवून पुढच्या येणाऱ्याबरोबर मागवा.

यातलं कुठलं दुकान तुम्हाला हवंय ते रूट फायनल व्हायच्या आधी सांगा. एकदा बस आणि हॉटेल बुक झालं की फ्रीपोर्ट किंवा गनाडो मधेच घुसवता येत नाही, आणि गाइडला तिथे जाऊन कितीही गळ घातली तरी तो त्याच्या वेळापत्रकाने चालतो.