ब्रिटिश टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धा : १९९४ चा हंगाम

ब्रिटनमध्ये १९५८ पासून भरणाऱ्या टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेचा १९९४ चा हंगाम हा सदतिसावा होय. या शर्यतींत खास बांधलेल्या गाड्या नसतात. शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या कौटुंबिक गाडीवरच शर्यतीसाठी संस्कार केलेले असतात. ही विक्रीची गाडी नेमकी कुठे संपते आणि शर्यतीची गाडी कुठे सुरू होते, यावरून या हंगामात मोठा वाद झाला, आणि विजेत्याच्या नावापेक्षा त्या वादामुळेच हा हंगाम अधिक लक्षात राहिला.

तेव्हाच्या सुपर टूरिंग नियमांप्रमाणे इंजिन जास्तीत जास्त दोन लिटरचे व टर्बोविरहित असावे लागे आणि त्याचे फेरे मिनिटाला ८,५०० पर्यंतच जाऊ शकत. मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांवर जादा वजन लादून त्यांना पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या बरोबरीला आणले जाई. अशा आखीव चौकटीत आपली गाडी रविवारी जिंकली की सोमवारी तिच्याच बहिणी, म्हणजे त्याच मॉडेलच्या गाड्या, विकल्या जातील, या आशेने कंपन्या मोठा खर्च करीत. बीएमडब्ल्यू, फोर्ड, व्हॉक्सहॉल, रेनॉल्ट, टोयोटा, निसान, प्यूजो आणि माझदा यांच्यासोबत या वर्षी अल्फा रोमिओ आणि व्होल्व्हो हे दोघे नव्याने उतरले.

अल्फाने १५५ या मोटारीची ‘सिल्व्हरस्टोन’ नावाची आवृत्ती काढली. शर्यतीत उतरवायच्या गाडीच्या किमान २,५०० प्रती विक्रीसाठी बनवाव्यात ही नियमांतील अट पुरी करण्यासाठीच तिचा जन्म झाला होता, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही. तिच्या पुढच्या बंपरखालची पट्टी पुढे सरकवता येत असे. मागच्या स्पॉइलरला (डिकीवर बसवलेल्या, हवेला वळवणाऱ्या पट्टीला) उंची देणारे जोडतुकडे मात्र ग्राहकाच्या हाती डिकीत पडलेले येत, बसवायचे की नाही ते त्याने ठरवायचे. उंच स्पॉइलरवरून जाणारी हवा गाडीचा मागचा भाग खाली दाबते, टायर डांबराला घट्ट धरतात आणि वेगवान वळणावर चालकाला इतरांपेक्षा उशिरा ब्रेक लावता येतो. पूर्वी फॉर्म्युला वनमध्ये धावलेला इटालियन चालक गाब्रिएले तार्क्विनी याने थ्रक्स्टन येथील सलामीच्या शर्यतीपासून सलग पहिल्या पाच शर्यती जिंकल्या. अल्फाची दुसरी गाडी जाम्पिएरो सिमोनी चालवीत होता.

डिकीत सुटे पडलेले तुकडे हे विकलेल्या गाडीचा भाग कसे मानायचे, असा प्रतिस्पर्ध्यांचा सवाल होता. गाडीसोबत जे दिले तेच वापरतो, हे अल्फाचे उत्तर. नियमांचा शब्द अल्फाच्या बाजूने होता आणि आशय विरोधकांच्या, असे आज वाचताना वाटते. मे महिन्याच्या अखेरीस औल्टन पार्क येथील शर्यतीच्या वेळी प्रकरण इतके तापले की अल्फाचा संघ सामान गाडीत भरून शर्यतीत भाग न घेताच निघून गेला. पुढे तोडगा निघून तो परतला. नॉकहिलच्या शर्यतीत तार्क्विनीची गाडी कोलांट्या खात उलटली, तरी अजिंक्यपद त्याच्याकडेच गेले. रेनॉल्ट लगुनाचा अलँ मेन्यू दुसरा आणि फोर्ड मॉन्डिओचा पॉल रॅडिसिच तिसरा आला.

व्होल्व्होने टॉम वॉकिनशॉ यांच्या संघाकरवी चक्क ८५० ची इस्टेट, म्हणजे सामानासाठी मागे लांबवलेली घरगुती गाडी, शर्यतीत उतरवली. रिकार्ड रीडेल आणि यान लामर्स हे तिचे चालक. लोक हसले, तेव्हा शर्यतीपूर्वीच्या संचलनात संघाने गाडीच्या मागच्या काचेआड मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून त्या हसण्याला साथ दिली. पाचव्या क्रमांकापलीकडे ही गाडी गेली नाही, पण प्रसिद्धीत ती अनेक विजेत्यांच्या पुढे होती.

१९९५ पासून ठरावीक मापांचे स्पॉइलर सर्वांनाच खुले झाले. मागे असा स्पॉइलर लावायला इस्टेटचा आकार सोयीचा नसल्याने व्होल्व्होने सेदान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली गाडी, आणली आणि रीडेल तिच्या जोरावर आघाडीच्या चालकांत आला. अल्फाचे वेगळेपण मात्र या मुभेने संपले, आणि त्या हंगामानंतर ती स्पर्धेतून बाहेर पडली.