केरॅटोसिस पिलॅरिस आणि ऊन

केरॅटोसिस पिलॅरिस : केसांच्या मुळांशी केरॅटिन (केस आणि नखे ज्याची बनतात ते टणक प्रथिन) साचून त्वचेवर येणारे बारीक, खरखरीत, सहसा न दुखणारे दाणे. दंडाची मागची आणि बाहेरची बाजू, मांड्या, नितंब आणि लहान मुलांत गाल ही त्यांची ठरलेली ठिकाणे. थंडीने अंगावर काटा यावा तशी त्वचा दिसते. मात्र काटा क्षणात बसतो, हे दाणे वर्षानुवर्षे बसत नाहीत. हा संसर्ग नव्हे. तो कुणाकडून लागत नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही आणि ‘रक्त खराब’ असल्याचे लक्षणही नाही. पौगंडावस्थेतील निम्म्याहून अधिक मुलामुलींत आणि सुमारे ४० टक्के प्रौढांत तो कमीअधिक प्रमाणात आढळतो, असे सामान्यतः मानले जाते. इतक्या लोकांना असलेल्या गोष्टीला रोग म्हणावे की त्वचेचा एक प्रकार, हा प्रश्न रास्तच आहे.

उन्हाळ्यात हे दाणे कमी होतात, हा बहुतेकांचा अनुभव आहे. त्यावरून ‘ऊन घेतले की जातात’ अशी समजूत झाली, आणि गोऱ्या त्वचेच्या देशांत त्यासाठी मुद्दाम त्वचा रापवून घेण्याचा सल्लाही दिला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या समजुतीचा विचार केला आहे. उन्हाळ्यात बरे वाटते हे खरे आहे, पण त्याचे बरेचसे श्रेय हवेतील दमटपणाला जाते. रापण्याने दाणा जात नाही. गोऱ्या त्वचेवर तो काही काळ झाकला जातो, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अनेकदा आणखी उठून दिसतो.

दाणा कसा तयार होतो

त्वचेचा सर्वांत वरचा थर केरॅटिनने भरलेल्या मृत पेशींचा असतो. या पेशी एरवी आपोआप झडून जातात. केरॅटोसिस पिलॅरिसमध्ये रोमरंध्राच्या तोंडाशी त्या सुटत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात आणि तिथे एक टणक बूच बसते. भिंगातून नीट पाहिले तर हे बूच मळकट पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते. पुष्कळदा त्याच्या आत एक बारीकसा केस घड्याळाच्या स्प्रिंगसारखा वेटोळे घालून बसलेला असतो. भोवती लालसर किंवा तपकिरी कडे असते. हा अडकलेला केसच रंध्राची भिंत आतून टोचून दाह सुरू करतो, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

ही प्रवृत्ती बरेचदा घराण्यात चालत येते. आईचा किंवा वडिलांचा दंड चाचपून पाहिला तर उत्तर मिळते. अनेकांत तिचा संबंध फिलॅग्रिन या प्रथिनाशी असतो. या प्रथिनाच्या जनुकातील दोषांमुळे इक्थायोसिस व्हल्गॅरिस हा त्वचेवर खवले येण्याचा विकार होतो, हे २००६ मध्ये स्पष्ट झाले. त्या विकाराबरोबर, तसेच अटोपिक एक्झिमाबरोबर (खाजरे, कोरडे इसब), हे दाणे वारंवार दिसतात. फिलॅग्रिनचे विघटन होऊन त्वचेत पाणी धरून ठेवणारे घटक तयार होतात. ते कमी पडले की त्वचा कोरडी पडते, आणि कोरड्या त्वचेत बूच आणखी घट्ट बसते. फिलॅग्रिनपासूनच यूरोकॅनिक आम्ल हा घटकही बनतो, आणि तो अतिनील किरण शोषून घेतो. म्हणजे ज्यांच्या त्वचेत फिलॅग्रिन मुळात कमी, त्यांचे उन्हापासूनचे एक नैसर्गिक कवचही तोकडे असू शकते.

उन्हाळ्यात बरे का वाटते

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या हवेतच सापडते. पाऊस सरला, दिवाळी आली की देशावर आणि विदर्भात हवा कोरडी होऊ लागते. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात आणि दंडावरचे दाणे किसणीसारखे हाताला लागतात. त्याच दिवसांत आंघोळीचे पाणी जास्त कडकडीत होते आणि साबणही जोरात घासला जातो. त्यामुळे उरलीसुरली स्निग्धताही निघून जाते. याउलट रत्नागिरी-मालवणात किंवा गोव्यात वर्षभर हवेत ओल असते, म्हणून तिथे हिवाळ्यातली ही खरखर तुलनेने सौम्य राहते. पुण्याहून सुट्टीला कोकणात गेलेल्या मुलीचे दंड आठ दिवसांत मऊ झाले, तर घरचे त्याचे श्रेय समुद्रकाठच्या उन्हाला देतात. वास्तविक काम केलेले असते ते दमट हवेने आणि घामाने. ऊन दोन्हीकडे होतेच. खुद्द ऊनच औषध असते, तर मे महिन्यातल्या कोरड्या नागपुरात या दाण्यांचा मागमूसही उरला नसता.

उन्हाचा वाटा अगदीच शून्य आहे असेही नाही. अतिनील किरण त्वचेतील प्रतिकारक पेशींची हालचाल काही काळ मंदावतात, त्यामुळे दाण्याभोवतीचा दाह थोडा उतरू शकतो. पण मूळ अडचण बुचाची आहे, आणि ते जागच्या जागी राहते. उलट वारंवार अतिनील किरण पडले की त्वचा स्वतःच्या बचावासाठी वरचा थर जाड करते. ज्या विकारात केरॅटिन आधीच जास्त साचते, त्यावर हा उपाय योजणे मुळातच उफराटे आहे.

रापण्याने नेमके काय होते

रापणे हा त्वचेला झालेल्या इजेचा प्रतिसाद आहे. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के ‘अ’ प्रकारचे (३१५ ते ४०० नॅनोमीटर) असतात. ते खोलवर जातात आणि खिडकीच्या काचेतूनही बऱ्याच प्रमाणात आत येतात. ‘ब’ प्रकारचे (२८० ते ३१५ नॅनोमीटर) थोडे, पण त्वचा भाजण्याला मुख्यतः तेच कारणीभूत असतात. पेशींतील डीएनएला इजा होऊ लागली की मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार होते आणि पेशींवर छत्रीसारखे पसरते.

युरोपीय गोऱ्या त्वचेवर केरॅटोसिस पिलॅरिसचे दाणे लाल दिसतात. भोवतालची त्वचा तांबूस-तपकिरी झाली की लाल आणि पांढरा यांतला विरोध बुजतो आणि दाणे गेल्यासारखे वाटतात. डोळे मिटून हात फिरवला तर ते तिथेच असतात. रंग उतरू लागतो तेव्हा त्वचा कोरडी पडून सुटते, आणि कित्येकांना खरखर पूर्वीपेक्षा जास्त जाणवते.

भारतीय त्वचेचे गणित वेगळे आहे. त्वचा उन्हाने किती भाजते आणि किती रापते यावरून टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या आणि पुढे सहा प्रकारांपर्यंत वाढवलेल्या वर्गीकरणात बहुतेक भारतीयांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. या त्वचेत कुठेही दाह झाला की मागे काळसर डाग उरतो. केरॅटोसिस पिलॅरिसमध्ये तो प्रत्येक रोमरंध्राभोवती उरतो, म्हणून दंडावर शेकडो तपकिरी ठिपके दिसतात. त्यावर ऊन पडले की भोवतालच्या त्वचेबरोबर हे ठिपकेही गडद होतात, आणि ऊन थांबल्यावर त्वचा उजळली तरी ठिपके महिनोन्‌महिने रेंगाळतात. नखाने दाणे खरवडणाऱ्यांना हा त्रास दुप्पट. गालांवरच्या प्रकारात तर ऊन आणि उष्णता यांनी लाली आणखी भडकते. सावळ्या त्वचेच्या माणसाला यासाठी ऊन घ्यायला सांगणे, हा सल्ला चुकीचा आहे.

उन्हावरचा विश्वास आला कुठून

तो अगदी निराधार नव्हता. डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझॅं येथे ओग्युस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांसाठी सूर्यस्नानाचे उपचारकेंद्र उघडले. पुढे १९२०च्या दशकात युरोपात रापलेली कांती आरोग्याची आणि सुखवस्तूपणाची खूण ठरली. आपल्याकडे रापलेला चेहरा म्हटले की उन्हातान्हात राबणारे माणूस डोळ्यांपुढे येते. तिथे त्याचा अर्थ ‘सुट्टी घालवून आलेला’ असा होऊ लागला.

सोरायसिस आणि कोड यांवर आजही ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या ‘ब’ किरणांनी मोजूनमापून उपचार होतात. बावचीच्या बिया आणि ऊन यांचा कोडावरचा उपयोग आयुर्वेदाला पूर्वापार ठाऊक आहे. बावचीत सोरालेन गटातील द्रव्ये असतात आणि ती त्वचेला किरणांबाबत फार संवेदनशील करतात. घरच्या घरी बावचीचे तेल चोळून उन्हात बसल्यास मोठाले फोड येतात, हेही इथे सांगितलेच पाहिजे. सोरायसिसला किरण लागू पडतात, कारण तिथे पेशींची बेसुमार वाढ आणि प्रतिकारसंस्थेचा उद्रेक असतो. केरॅटोसिस पिलॅरिसचे यंत्र निराळे आहे, आणि त्याच्या रूढ उपचारांत किरणोपचाराला स्थान नाही.

त्वचा रापवणाऱ्या दिव्यांच्या पलंगांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये मानवांत कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांवर बंदी घातली. खुद्द सूर्यकिरण या गटात १९९२ पासून आहेत. गडद त्वचेत त्वचेचा कर्करोग कमी होतो हे खरे, पण डाग आणि सुरकुत्या कुणालाच चुकत नाहीत.

उन्हाने येणारे दुसरे दाणे

निदान चुकले की ऊन घेण्याचा सल्ला विशेष महागात पडतो. पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन या विकारात उन्हामुळेच पुरळ उठते. भारतात ते पुष्कळदा टाचणीच्या डोक्याएवढ्या फिकट किंवा काळसर दाण्यांच्या रूपात, कोपराखालच्या हातावर आणि मानेच्या मागे दिसते. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले की ते खाजते. ओळखायची सोपी खूण जागेची : बाहीखाली झाकलेल्या दंडावर दाणे असतील तर बहुधा केरॅटोसिस पिलॅरिस, आणि बाही संपते तिथून पुढे असतील तर उन्हाचा संशय घ्यावा. घामोळे अगदी वेगळे. ते घामाच्या ग्रंथी तुंबून येते, टोचते आणि गारव्यात ओसरते.

कोपर, गुडघे आणि नितंब यांवर जाड, काटेरी दाणे आले, विशेषतः कुपोषित मुलांत, तर फ्रायनोडर्माचा विचार करावा लागतो. ‘बेडकाची त्वचा’ अशा अर्थाचे हे नाव निकोल्स यांनी १९३३ मध्ये दिले. त्यामागे जीवनसत्त्व अ, ब-समूह आणि आवश्यक मेदाम्ले यांची कमतरता असते. तिथे गरज सकस आहाराची असते.

उपचार करताना ऊन

दाणे समूळ घालवणारा उपाय नाही; ते मऊ ठेवता येतात. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरकावी. अंग टिपून ओलसर असतानाच मलम लावावे. टाचांच्या भेगांसाठी औषधांच्या दुकानात मिळणारे १० ते २० टक्के यूरियाचे मलम दंडालाही चालते. १२ टक्के अमोनियम लॅक्टेट, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाची मलमे बूच सैल करतात. लहान मुलांच्या अंगावर सॅलिसिलिक आम्ल मोठ्या भागावर लावू नये. दिवाळीच्या अभ्यंगातले तेल या त्वचेला मानवते, पण त्यानंतरचे कढत पाणी आणि उटण्याचा खरखरीत रगडा मानवत नाही. वज्रीने दंड घासणाऱ्या आया प्रेमाने घासतात, पण त्या घासण्यानेच दाह वाढून ठिपके काळे पडतात.

उन्हाशी इथे पुन्हा गाठ पडते. ग्लायकॉलिक आणि लॅक्टिक आम्लांनी त्वचेचा वरचा थर पातळ होतो आणि ऊन लवकर बाधते. लावणे थांबवल्यावरही हा परिणाम सुमारे आठवडाभर राहतो. ट्रेटिनॉइनसारखी रेटिनॉइड (जीवनसत्त्व अ च्या गटातील) मलमेही त्वचा नाजूक करतात, म्हणून ती रात्री लावतात आणि गरोदरपणात टाळतात. मलम चालू असताना दाणे ‘वाळवायला’ उन्हात बसणारा माणूस त्वचा भाजून घेतो आणि दोष मलमाला देतो. सुती पूर्ण बाही किंवा एसपीएफ ३० चे सनस्क्रीन, बाहेर असेपर्यंत दर दोन तासांनी पुन्हा, एवढे पुरते. फरक दिसायला कित्येक आठवडे जातात आणि मलम सोडले की खरखर परतते. बहुतेकांत तिशीच्या आसपास दाणे आपणहून विरळ होत जातात. गालांवरचे त्याही आधी जातात.