हायपो की हायपर? आधी उपमहापौर आठवा

परवा सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या एका काकूंचा फोन आला. थायरॉइडचा रिपोर्ट हातात, आवाज घाबरलेला. "अरे टीएसएच जास्त आलाय, म्हणजे मला हायपर झालंय की!" डॉक्टरांनी तर हायपो सांगितलेलं, आणि फोनवर दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, त्यामुळे दहा मिनिटं नुसता गोंधळ.

खरं तर टीएसएच हे हार्मोन गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीमधून येतच नाही, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते ती ते सोडते, थायरॉइडला कामाला लावायला. थायरॉइड सुस्तावली की पिट्युटरीच्या हाका वाढतात, म्हणून टीएसएच जास्त आणि थायरॉइड हायपो, बहुतेक वेळा असंच असतं.

मग काकूंना एक युक्ती सांगितली. ग्रीकमधलं 'हायपर' म्हणजे आपलं संस्कृत 'उपरि', वरचं, जास्तीचं. आणि 'हायपो' म्हणजे 'उप'. महापौरांच्या खाली कोण? उपमहापौर. झालं, हायपो म्हणजे खाली. हे मी जुळवून सांगत नाहीये बरं का, ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच मुळातून आलेल्या असाव्यात असं भाषापंडित विल्यम जोन्स 1786 मध्येच म्हणून गेला आणि पुढे भाषाशास्त्राने ते नीट पक्कं केलं.

एकदा हे कळलं की डॉक्टरी शब्द एकदम घरचे वाटायला लागतात. ऑस्टिओ म्हणजे अस्थि. डेंटल मधला डेंट म्हणजे दंत. अ‍ॅनिमिया मधला 'अन्' तोच जो अनादर, अनारोग्य मध्ये आहे, पुढचा भाग म्हणजे रक्त. पण माझा सगळ्यात लाडका शब्द डिसेंट्री. 'डिस' म्हणजे आपला दुस्, दुष्काळातला (सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको), आणि 'एंटेरॉन' म्हणजे आंत्र, आतडं. बिघडलेलं आतडं! हगवणीला इतकं सरळ नाव आहे हे शाळेत कुणी सांगितलंच नाही.

अर्थात दिसतं ते सगळंच नात्यातलं नसतं हां. पोटॅशियमचा आणि पोटाचा काडीचा संबंध नाही, ते लाकडाच्या राखेवरून आलंय.

आता किडनीला दोन नावं का, नेफ्रॉलॉजिस्टकडे जायचं आणि टेस्ट मात्र रीनल फंक्शनची? कारण नेफ्रोस ग्रीक आणि रेन लॅटिन. ढोबळमानाने अवयवांची नावं जास्त लॅटिन आणि आजारांची, ऑपरेशनची जास्त ग्रीक. आपल्याकडे एकाच गल्लीत एका घरी भाकरी, शेजारी कन्नड जोळद रोट्टी आणि पलीकडे तेलुगू जोन्न रोट्टे असतं, तसंच हे. अ‍ॅपेंडिसायटिस तर अस्सल सोलापुरी बोलण्यासारखा, धड लॅटिन आणि शेपूट ग्रीक.

आणि शेपूटच नीट बघायचं असतं. आयटिस म्हणजे सूज, दाह. टॉमी म्हणजे कापणं (अ‍ॅटम मधला टम तोच, अ-टम म्हणजे न कापता येणारा). त्याच्या आधी 'एक' आला की कापून बाहेर, म्हणून अ‍ॅपेंडेक्टॉमी झाली की अ‍ॅपेंडिक्स गेलं. ऑस्टॉमी मध्ये मात्र ग्रीक 'स्टोमा' म्हणजे तोंड आहे, कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याला पोटावर नवीन तोंड करून देतात. एका अक्षराने केवढा फरक, सही करायच्या आधी शेपूट वाचा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग थायरॉइड म्हणजे रे काय?" 1656 मध्ये थॉमस व्हार्टनने या ग्रंथीला ते नाव दिलं, ग्रीक 'थायरिऑस' म्हणजे मोठी उभी ढाल, आणि तो शब्द आलाय 'थायरा' वरून, थायरा म्हणजे द्वार, आपलं दार.

"म्हणजे माझ्या गळ्यातलं दार नीट उघडेना," काकू म्हणाल्या, आणि गोळी सकाळी चहाच्या आधी घ्यायची की नंतर ते विचारायला लागल्या. आधी, उपाशीपोटी, आणि चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने.