पऱ्हाटीचा कुड, राखेची वीट आणि भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यातील किल्लारी परिसरात कोसळलेली बहुतेक घरे आजच्या व्याख्येने 'हरित'च ठरली असती, कारण दगड जवळचा, माती जागेवरची आणि सिमेंट जवळजवळ नाहीच. तरीही ६.२ तीव्रतेच्या त्या धक्क्यात हजारो माणसे या घरांखाली गाडली गेली. जाड भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर आरपार दगडांनी एकमेकांना बांधलेले नव्हते, आणि वर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, मोठे ओझे होते. भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाबरोबर वाढतो, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा देणारे धाबेच त्या पहाटे घातक ठरले.

आपल्या विदर्भाचा बराचसा भाग भूकंपाच्या कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडतो. पण किल्लारीही तेव्हा तशाच पट्ट्यात होती, आणि आपल्या उत्तरेला असलेल्या जबलपूरला २२ मे १९९७ रोजी मोठा हादरा बसलाच.

पऱ्हाटी (कापसाच्या वाळल्या काड्या), तुराटी (तुरीच्या काड्या) किंवा बांबूच्या तट्ट्यांवर शेणमाती लिंपून केलेली आपल्याकडची भिंत, म्हणजे कुड, मात्र हलका आणि लवचीक असतो. हादऱ्यात लिंपण गळते, पण भिंत सहसा माणसावर कोसळत नाही. आसामातही १८९७ च्या महाभूकंपानंतर अशाच जातीची हलकी घरे रूढ झाली. आपण कुडाला गरिबीची खूण मानून टाकून दिले, ही घाई झाली असे मला वाटते. त्यातील खरे दोष म्हणजे वाळवी आणि ढिले सांधे. बांबूला बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवले आणि खांब, मयाल (आडवी तुळई) व कुड एकमेकांना घट्ट जखडले, तर दोन्हींवर उपाय होतो.

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथील वीजकेंद्रांच्या राखेची वीट भट्टीत भाजावी लागत नाही आणि शेताची सुपीक मातीही वाचवते. परंतु ती लाल विटेपेक्षा फारशी हलकी नसते. म्हणून जोते, लिंटल (दारे-खिडक्यांचा माथा) आणि छप्पर या पातळ्यांवर सळईचे काँक्रीट पट्टे घरभर सलग फिरवावे लागतात. जगातील सुमारे ७ ते ८ टक्के कार्बन उत्सर्जन सिमेंटपायी होते हे खरे असले, तरी या पट्ट्यांत सिमेंटची कंजूषी करू नये, कारण पडलेले घर पुन्हा बांधताना तेच सिमेंट, वीट आणि वाहतूक सारे दुप्पट लागते. काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याने भिंतींना जाणाऱ्या भेगाही जोत्याच्या पट्ट्यामुळे कमी होतात.

व्यवस्थापनाची खरी परीक्षा मात्र वेळापत्रकात आहे. राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान दहा दिवस पाणी मारावे लागते, आणि गावातील बांधकामे नेमकी मार्च ते मे या काळात, विहिरींनी तळ गाठलेला असताना, जोर धरतात. पाऱ्यानेही तेव्हा पंचेचाळिशी गाठलेली असते. दोन दिवसांतच कोरडा पडलेला पट्टा दिसायला पक्का दिसतो, पण त्याची ताकद अर्धवटच राहते. बांबूही पावसाळा सरल्यावर तोडलेला बरा, कारण तेव्हा त्यात किडीला आवडणारे पिष्ट कमी असते. दिवाळीनंतर लगेच जोते भरून घेतले, तर विहिरीत पाणी असते, बांबू हाताशी असतो, आणि होळीपूर्वी छपराखालचा पट्टा पुरेसे पाणी पिऊन तयार झालेला असतो.