क्लाउड सर्व्हरवर ग्राफिक्स प्रोसेसरचा ड्रायव्हर स्वतः बसवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या तयार इमेजमधून सर्व्हर सुरू केल्यास ग्राफिक्स प्रोसेसरचा ड्रायव्हर त्यात आधीच बसवलेला असतो. ज्या ग्राहकांना कोरी लिनक्स प्रणाली हवी असते, किंवा ज्यांच्या प्रोग्रामला ड्रायव्हरची ठरावीक आवृत्तीच लागते, त्यांना मात्र हे काम स्वतः करावे लागते. हे पत्रक त्यांच्यासाठी असून त्यात एनव्हिडियाची कार्डे आणि लिनक्स सर्व्हर एवढाच विषय घेतला आहे.

ड्रायव्हर म्हणजे एकच फाइल नव्हे. त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, लोड होणारे मॉड्यूल असतो, तर दुसरा भाग आपले प्रोग्राम वापरतात त्या लायब्ररींचा असतो, आणि या दोन्ही भागांची आवृत्ती शेवटच्या अंकापर्यंत एकच असावी लागते. शिवाय मॉड्यूल ज्या कर्नलसाठी तयार केले असेल त्याच कर्नलवर ते चालते. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

आवृत्ती आधी ठरवा

कोणती आवृत्ती घ्यायची हे कार्ड आणि कूडा (ग्राफिक्स प्रोसेसरवर गणना करण्यासाठीची एनव्हिडियाची प्रणाली) या दोहोंवरून ठरते. कूडा १२ वर तयार केलेल्या प्रोग्रामला लिनक्सवर किमान ५२५.६०.१३ ही ड्रायव्हर आवृत्ती लागते. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये, ५१५ मालिकेपासून, कर्नल मॉड्यूलचा मुक्तस्रोत प्रकारही उपलब्ध करून दिला; तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांच्या कार्डांवर चालतो. म्हणजे टी४ किंवा ए१०० साठी तो निवडता येतो, पण पी१०० आणि व्ही१०० ही जुन्या पिढीची कार्डे असल्यामुळे त्यांना बंदिस्त प्रकारच घ्यावा लागतो. ब्लॅकवेल पिढीच्या कार्डांचे याच्या उलट आहे : त्यांना मुक्तस्रोत प्रकारावाचून पर्याय नाही.

बसवण्यापूर्वी

सर्वप्रथम सर्व्हरचा स्नॅपशॉट घ्यावा, कारण अर्धवट बसलेला ड्रायव्हर उकरून काढण्यापेक्षा मागच्या स्थितीवर परत येणे कितीतरी सोपे असते. त्यानंतर ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत कार्ड दिसते का ते पाहावे; ते तिथेच दिसत नसेल तर ड्रायव्हर बसवून काही होणार नाही, आपण थेट आम्हाला कळवावे.

कार्ड दिसत असल्यास कंपायलर आणि कर्नल हेडर (मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) बसवून घ्यावेत. हेडर हे ‘यूनेम’ आज्ञेने दिसणाऱ्या चालू कर्नलच्या पूर्ण नावाशी तंतोतंत जुळणारे हवेत. क्लाउड इमेजमध्ये अनेकदा क्लाउडसाठी वेगळे बांधलेले कर्नल असते, आणि सर्वसाधारण हेडर बसवले की मॉड्यूल तयार होण्याच्या टप्प्यावरच काम अडते. ‘नूवो’ हा लिनक्समधला ड्रायव्हर कार्ड आपल्या ताब्यात घेत असल्यास त्याला काळ्या यादीत टाकून, सुरुवातीची रॅम इमेज (प्रणाली सुरू होताना कर्नलसोबत लोड होणारी फाइल) नव्याने तयार करून सर्व्हर रीबूट करावा.

सिक्युअर बूट ही सुरक्षा सोय चालू असेल तर डिजिटल सही नसलेले मॉड्यूल कर्नल नाकारतो. स्वतःच्या किल्लीने सही करता येते, परंतु त्या किल्लीची नोंदणी रीबूटच्या वेळी, प्रणाली सुरू होण्याआधी येणाऱ्या पडद्यावर करावी लागते. तो पडदा काही सेकंदच थांबतो आणि एसएसएचवरून, म्हणजे दुरून केलेल्या लॉगिनमधून, दिसत नाही. म्हणून नियंत्रण पॅनेलमधील कन्सोल आधीच उघडून ठेवावा.

पॅकेज की रन फाइल?

आमचा स्पष्ट सल्ला आपल्या लिनक्स वितरणाच्या (उदा. उबंटूच्या) पॅकेजचा आहे. उबंटूमध्ये आधीच सही केलेली मॉड्यूल पॅकेजच्या रूपात मिळतात, त्यामुळे वरचा किल्लीचा खटाटोपही टळतो. एनव्हिडियाची रन फाइल (थेट चालवायचा इन्स्टॉलर) हवी ती आवृत्ती देते खरी, पण तिने टाकलेल्या फाइलींची नोंद पॅकेज व्यवस्थापकाकडे नसते. एकाच सर्व्हरवर या दोन्ही पद्धती कधीही एकत्र वापरू नयेत. रन फाइल वापरायचीच असेल, तर डीकेएमएसचा (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणाऱ्या साधनाचा) पर्याय निवडावा.

ड्रायव्हर बसल्यावर ‘एनव्हिडिया-एसएमआय’ हे कार्डाची स्थिती दाखवणारे साधन चालवावे. कार्डाचे नाव, तापमान आणि स्मृती दिसली की ड्रायव्हर नीट लोड झाला असे समजावे. तक्त्याच्या वर लिहिलेली कूडाची आवृत्ती मात्र सर्व्हरवर बसवलेल्या कूडाची नसते. तो ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देतो, ते तिथे दाखवलेले असते. कंटेनर वापरत असल्यास ड्रायव्हर फक्त मूळ सर्व्हरवर बसवावा आणि त्यासोबत एनव्हिडियाचे कंटेनर टूलकिट घ्यावे. कंटेनरच्या आत ड्रायव्हर बसवू नये.

खरी कसोटी पुढच्या रीबूटला

बसवताना सारे सुरळीत झालेले असते, आणि काही आठवड्यांनी सर्व्हर रीबूट केल्यावर कार्ड नाहीसे झालेले दिसते. दरम्यान आपोआप होणाऱ्या अपडेटमधून नवे कर्नल आलेले असते आणि त्यासाठी मॉड्यूल तयारच झालेले नसते. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधते, पण त्या कर्नलचे हेडर हजर असतील तरच. म्हणून एका कर्नलपुरते हेडर न बसवता, कर्नलबरोबर पुढे सरकणारे हेडरचे मेटापॅकेज बसवावे, आणि रीबूट करण्याआधी डीकेएमएसची स्थिती पाहण्याची सवय ठेवावी.

याच्या उलट, रीबूट न करताही बिघाड होऊ शकतो. अपडेटने लायब्ररी बदलतात, पण स्मृतीत जुनेच मॉड्यूल चालू राहते, आणि एनव्हिडिया-एसएमआय ड्रायव्हर व लायब्ररीच्या आवृत्त्या जुळत नसल्याचे सांगते. अशा वेळी ड्रायव्हर पुन्हा बसवण्याची घाई करू नये. एक रीबूट पुरेसा असतो. दीर्घकाळ चालणारी प्रशिक्षणाची कामे असतील, तर ड्रायव्हरची पॅकेजे आहे त्या आवृत्तीवर रोखून ठेवावीत आणि अपडेट आपल्या सोयीच्या वेळी हाताने करावे.

दोन विशेष प्रकार

एनव्हीस्विच या एनव्हिडियाच्या जोडणी-चिपने एकमेकांना जोडलेली आठ कार्डे असलेल्या सर्व्हरवर ही जोडणी सांभाळणारी फॅब्रिक मॅनेजर ही सेवाही लागते, आणि तिची आवृत्ती ड्रायव्हरइतकीच असावी लागते. ती बंद असेल तर एनव्हिडिया-एसएमआयमध्ये सर्व कार्डे व्यवस्थित दिसतात, पण कूडाचा प्रोग्राम सुरू होताच थांबतो. कार्डाचा केवळ आभासी हिस्सा घेतलेल्या ग्राहकांनी मात्र सर्वसाधारण ड्रायव्हर बसवू नये; त्यांच्यासाठी परवान्यासह येणारा वेगळा ड्रायव्हर आम्ही देतो.

अडचण आल्यास आम्हाला चालू कर्नलचे पूर्ण नाव, वितरणाची आवृत्ती, ड्रायव्हर कोणत्या पद्धतीने बसवला ती माहिती आणि ‘एनव्हिडिया-बग-रिपोर्ट’ या स्क्रिप्टने तयार होणारी फाइल पाठवावी. रन फाइल वापरली असल्यास लॉग निर्देशिकेतील इन्स्टॉलरची नोंदही जोडावी. मॉड्यूल कोणत्या ओळीवर अडले ते तिच्यातच सापडते.