कूलरमध्ये बर्फ टाकणाऱ्यांसाठी

मार्च सरत आला की सोलापुरात कूलर दुकानाबाहेर फुटपाथवर येतात आणि मोबाइलवर तोच सल्ला फिरू लागतो: टाकीत बर्फ टाका, एसीसारखी हवा मिळेल.

१ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. १ लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २४०० किलोज्यूल लागते, म्हणजे सातपट. शाळेतला अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता, तो हाच. कूलर चालतो या दुसऱ्या आकड्यावर. बर्फाने पाणी गार केलं की वाफ उलट कमी होते!

वाफेला लागणारी उष्णता पाणी कूलरच्या ओल्या जाळीतून, म्हणजे पॅडमधून, जाणाऱ्या हवेकडूनच घेतं. पण किती? तापमापीच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घाला. पारा जिथे थांबेल ती कूलरची हद्द. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली, तर ती हद्द २४ अंशांच्या आसपास येते. चांगला पॅड ४२ ते २४ या वाटेचा ८० टक्के पल्ला गाठतो, म्हणजे हवा २७-२८ अंशांची मिळते. जूनमध्ये ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच कूलर जेमतेम चार-पाच अंश उतरवेल. मुठीएवढे कूलर ‘मिनी एसी’ म्हणून विकणारे ही हद्द सांगत नाहीत. जेवढं पाणी उडेल तेवढाच गारवा, बाकी सगळी जाहिरात.

आता जुळे सोलापूर, विजापूर रोडकडची नवी घरं बघा. हॉल, डायनिंग, किचन सलग, मध्ये भिंत नाही, वर जिना उघडा. लोक विचारतात, इथे एसी किती टनाचा लागेल? एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करतो, त्याला बंद खोली हवी. इथे गॅसची धग हॉलमध्ये आणि वरच्या मजल्याची गरम हवा जिन्यातून खाली. टन वाढवा, बिल वाढेल.

कूलरचं उलट. तो बाहेरची हवा आत ढकलतो, ती दुसरीकडून बाहेर पडलीच पाहिजे. खिडक्या लावून घेतल्या तर आर्द्रता कोंडते, पाणी उडेनासं होतं आणि अंग चिकट होतं. कूलर बाहेरच्या खिडकीत, समोरच्या टोकाची खिडकी उघडी: सलग हॉल यासाठीच सोयीचा. पाण्याचं मात्र बघा. दीड टनाचा एसी तासाला ओढतो तेवढी उष्णता शोषायला ८ लिटर पाणी उडावं लागतं, आणि आपल्याकडे नळ रोज येत नाही.

वरचा आरसीसी स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णतेच्या लहरी खाली सोडतो, त्या हवा गार असली तरी थेट अंगावर येतात. जुन्या माळवदाच्या, म्हणजे सपाट धाब्याच्या, जाड मातीत हा ताप सहज उतरत नसे. म्हणून कूलर घेण्याआधी गच्चीला पांढरा चुना मारा. जूनच्या दमट दिवसांसाठी एसी हवाच असेल, तर तो दार लागणाऱ्या एका बेडरूममध्ये बसवा.